ट्रंककॉल मावशी

चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, चालू असताना मी झोपतो की नाही, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. मी डोळे मिटून चिंतन करतो, असं माझं म्हणणं. चिंतन करताना माणूस घोरत नाही, असं बायकोचं. त्या रविवारी मात्र मी टक्क जागा होतो. फक्त मनाने आगाशीच्या बाजारात होतो. दुपारी बायकोच्या माहेरची माणसं जेवायला यायची होती आणि पापलेट घ्यावं की सुरमई, हा प्रश्न मला प्रवचनापासून छळत होता.

तेवढ्यात श्रद्धाळूंच्या प्रार्थना सुरू झाल्या. या प्रार्थनांची एक ठरलेली रीत असते. वाचणारा आपली विनंती मांडतो, शेवटी ‘प्रभूजवळ प्रार्थना करूया’ म्हणतो, आणि सगळं चर्च एका सुरात ‘प्रभू, आमची प्रार्थना ऐक’ असं उत्तर देतं. लहानपणापासूनच्या सवयीने हे वाक्य माझं तोंड माझ्या मदतीशिवाय म्हणू शकतं. कुठूनतरी ‘प्रार्थना करूया’ कानावर पडलं आणि मी पापलेटवर शिक्कामोर्तब करत खणखणीत आवाजात म्हणालो, “प्रभू, आमची प्रार्थना ऐक.”

माझा एकट्याचा आवाज छताला लागून परत आला. बाकी कोणीही तोंड उघडलेलं नव्हतं. पुढच्या बाकांवरची माणसं माना वळवून माझ्याकडे पाहत होती, जसं काही मी नवस बोललो होतो. बायको गायनमंडळात उभी होती. तिने कपाळाला हात लावला.

प्रार्थना काय होती ते मला मिस्सा संपल्यावर कळलं. आमच्या गावात एक माणूस दारू पिऊन पिऊन अर्धांगाने पडला होता, बायको त्याला सोडून माहेरी गेली होती आणि त्याच्या जवळून जाताना लोक नाकाला रुमाल लावत. ‘त्याला आंघोळ घालायला एखादा पुरुष माणूस मिळावा म्हणून’ ती प्रार्थना होती. सगळे पुरुष शहाणे होते. ते गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा पहिला घोट घेतोय तोच दारात एक उंच, वाळलेली बाई येऊन उभी राहिली. हातात काळी रेक्झिनची पिशवी.

“काल ऐक म्हणालास तो तूच ना?”

“हो मावशी, पण ते जरा चुकून...”

“टॉवेल घे. साबण माझ्याकडे आहे.”

“अहो, पण प्रार्थना तर आपण प्रभूजवळ केली होती.”

“केली. त्याने तुझा नंबर दिला.”

हे सगळं ती आमच्या घरच्या बोलीत म्हणाली होती. मी ते इथे शुद्ध करून लिहितोय, म्हणजे निम्मी धार गेली असं समजा. त्या माणसाला मी आंघोळ घातली. पहिल्या तांब्याला त्याने माझ्या आईचा उद्धार केला, दुसऱ्याला बापाचा, आणि तिसऱ्या तांब्याला ‘पानी जरा गरम टाक’ म्हणाला. मावशी बाहेर उभी राहून सूचना देत होती: कानामागे घास, बोटांच्या बेचक्यात घास. तो मरेपर्यंत मी जात राहिलो. चांगुलपणामुळे नाही. न जाण्याचं कारण तिला सांगायची हिंमत नव्हती म्हणून.

सगळा गाव तिला तोंडावर मावशी म्हणायचा आणि पाठीमागे ट्रंककॉल. तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली होती. दूरगावी फोन लावायचा तर आधी बुक करायचा, मग घरी नाहीतर पोस्टात ताटकळत बसायचं, आणि मग एक बाई ‘बोला’ म्हणायची, त्या काळातली ती ‘बोला’ म्हणणारी बाई. आखातात गेलेले मुलगे, बोटीवरचे नवरे, मुंबईच्या इस्पितळातले आजारी सासरे, यांच्या सगळ्या बातम्या आधी तिच्या कानातून गेल्या होत्या. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी कोणी बोलायला लागलं की तिचा हात उजव्या कानावर जायचा, हेडफोन नीट करावा तसा. लग्न तिने केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, “दुसऱ्यांचे संसार ऐकून ऐकून कान भरले होते.”

तिच्या मते प्रार्थनांचेही ट्रंककॉलसारखे तीन प्रकार होते: ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. परीक्षा, व्हिसा, नोकरी हे ऑर्डिनरी. आजारपण अर्जंट. आणि ज्याच्याबद्दल सगळ्यांना माहीत असतं पण कोणीच बोलत नाही, ते लाइटनिंग. ही लाइटनिंगची सोय आमच्या आधीच्या फादरांनी नकळत करून दिली होती. त्यांनी नवा पायंडा पाडला: छापील प्रार्थना संपल्या की थोडा वेळ थांबायचं आणि कोणाला स्वतःची विनंती मांडायची असेल तर त्याने जागेवर उभं राहून मांडायची. फादरांना वाटलं होतं, लोक आभार वगैरे मानतील. पण फादर बदलून गेले आणि मावशी उभी राहिली.

ती हळू, स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून बोलायची, खराब लाइनवर बोलतात तसं. “हे प्रभू, आंब्याच्या आळीतल्या शेवटच्या घरात जुळी झाली आहेत आणि आईला झोप नाही. दुपारी दोन तास पोरं सांभाळायला कोणीतरी पाठव.” सुरुवातीला सगळे सवयीने ‘ऐक’ म्हणायचे. मग ही मिस्सा संपताच दारात उभी राहायची आणि ज्या बाईचा आवाज सगळ्यात मोठा आला असेल तिला धरायची. “तू म्हणालीस ना ऐक? आता रिसीव्हर खाली ठेवायचा नाही.” त्यामुळे झालं असं, की तिच्या प्रार्थनेला आमच्या चर्चमध्ये लोक फार दबक्या आवाजात उत्तर द्यायला लागले. आठवड्यातला सगळ्यात नम्र ‘ऐक’ तो असायचा. नवे फादर म्हणालेसुद्धा, किती भक्तिभावाने म्हणतात लोक.

तिच्या काळ्या पिशवीत साबण, पावडर, जुन्या धोतराच्या पट्ट्या आणि नखं कापायचं कटर असायचं. आजाऱ्याच्या घरी गेली की ती आधी त्याचे हात हातात घेऊन नखं बघायची. जेवण, औषध, चादर हे लोक पाहुण्यांसाठीही नीट ठेवतात, असं ती म्हणायची. नखं मात्र ज्याला त्या माणसाची आठवण आहे तोच कापतो.

तिच्या चुकाही व्हायच्या. एकदा तिने एका मुलीचं नाव न घेता, पण आळीचं नाव घेऊन, ‘लग्नाआधी पोटात आलेल्या बाळाला आपल्या गावाने पदरात घ्यावं’ अशी प्रार्थना केली. मुलीला बाळ नव्हतं, थायरॉइड होतं. मुलीचा बाप काठी घेऊन आला होता. मावशीने माफी मागितली नाही. तिला ते शब्दच यायचे नाहीत. विरारच्या डॉक्टरकडे त्या मुलीला ती स्वतः रिक्षाने घेऊन जायची, औषध चालू होतं तोवर. पण ती मुलगी पुढे कधी आमच्या चर्चमध्ये आली नाही, शेजारच्या गावी मिस्साला जायची. मावशी गेली तेव्हाही आली नाही. मी तिला दोष देत नाही.

आणि तिचा सख्खा भाऊ भिंतीला भिंत लावून राहत होता, त्याच्याशी तिचं बोलणं नव्हतं. कारण एक नारळाचं झाड होतं, असं काही जण सांगत. झाड केव्हाच पडलं होतं. मी एकदा धीर करून म्हणालो, “मावशी, गावाच्या प्रार्थना करतेस, एखादी भावासाठीही कर.”

“लोकल कॉलला एक्स्चेंज लागत नाही,” ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

गेल्या वर्षी ती गेली. अंत्यविधीला चर्च बऱ्यापैकी भरलं होतं. छापील कागदावरून सुंदर प्रार्थना वाचल्या गेल्या: दुसऱ्यांचं ओझं वाहण्यात जिने आपलं आयुष्य वेचलं, वगैरे. सगळे मोठ्याने ‘ऐक’ म्हणाले. आता दुसऱ्या दिवशी दारात कोणी येणार नव्हतं. त्या प्रार्थना वाचणाऱ्यांत आणि ‘ऐक’ म्हणणाऱ्यांत असे कितीतरी होते, ज्यांनी शेवटचे कितीतरी दिवस तिच्याशी हातही मिळवला नव्हता. का, ते आता सांगतो.

आमच्या सणसमितीचे अध्यक्ष चांगले गृहस्थ आहेत. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. कोणाकडे मयत झालं की खुर्च्या आणि मंडप त्यांच्याकडून येतो, न मागता. चर्चच्या नव्या छपराचा मोठा भार त्यांनीच उचलला. राजोडीच्या बाजूला त्यांची वाडी आहे. आधी तिथे केळी आणि मोगरा होता, आता रिसॉर्ट आहे. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येतात, तलावात डुंबतात, डीजे लावतात, बोंबील खातात आणि ‘इथे किती शांत आहे’ असं ओरडून सांगतात.

अध्यक्षांची आई खूप म्हातारी होती आणि तिचं डोकं फिरलं होतं. ती दिवसभर हाका मारायची. मेलेल्या बहिणीला, कधीकाळी विकलेल्या बैलाला, जो आठवेल त्याला. सोमवार ते शुक्रवार ते खपून जायचं. पण शनिवारी तलावाच्या काठावर बसलेल्या पाहुण्यांना एका म्हातारीने ‘मला घरी न्या’ म्हणून हाका मारलेल्या आवडत नाहीत. कोणीतरी तक्रार केली. मग शनिवारी सकाळी पाहुणे यायच्या आत तिला वाडीच्या मागच्या टोकाला, विहिरीजवळच्या पंपघरात नेऊन ठेवायला लागले. आत खाट होती, टेबलफॅन होता, पाण्याची बाटली होती. जेवण वेळेवर जायचं. दाराला बाहेरून कडी. रविवारी संध्याकाळी शेवटची गाडी गेली की कडी निघायची.

वाडीत कामाला जाणाऱ्या बायकांना हे माहीत होतं, म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं. मीही ते ऐकून होतो आणि ऐकल्यावर सगळ्यांनी जे केलं तेच मीही केलं: च् च् केलं. मावशीला ते उशिरा कळलं. वेदीवर ठेवायला मोगरा आणायला म्हणून ती एका शनिवारी शेजारच्या वाडीत गेली होती, तेव्हा भिंतीपलीकडून तिने हाक ऐकली.

दुसऱ्या दिवशी, छापील प्रार्थना संपल्यावर, ती उभी राहिली. कान दाबून.

“हे प्रभू, आपल्या गावात एक आई आहे. तिला दर शनिवारी पंपघरात घालून बाहेरून कडी लावतात. ती कडी काढायला कोणाला तरी पाठव. प्रभूजवळ प्रार्थना करूया.”

तिने नाव घेतलं नाही. त्याची गरजही नव्हती. सगळ्या नजरा दुसऱ्या बाकाकडे गेल्या आणि तिथून घाईघाईने वेदीकडे वळल्या. अध्यक्ष ताठ बसले होते. त्यांच्या मानेवरचा घाम मला मागून दिसत होता. चर्चमध्ये फक्त पंख्यांचा आवाज होता. मी या खेपेला जागा होतो आणि मनानेही तिथेच होतो. तोंडही उघडलं होतं, फक्त आवाज किती मोठा लावावा ते ठरत नव्हतं.

“प्रभू, आमची प्रार्थना ऐक.”

आवाज वरून आला. गायनमंडळाचा माईक चालू होता आणि त्याच्यासमोर माझी बायको उभी होती. तिचं वाक्य चर्चच्या बाहेर, रस्त्यापलीकडच्या पावाच्या दुकानापर्यंत गेलं असं नंतर तिथल्या माणसाने सांगितलं. तिच्यामागून कोणीही काही म्हणालं नाही. फादरांनी हात वर करून अर्पणाचं गीत सुरू करायची खूण केली. ते गीत बायकोलाच उचलायचं होतं. तिने ते उचललं. एकही सूर हलला नाही.

सोमवारी सकाळी मावशी दारात आली. मी सवयीने टॉवेल घेतला.

“तू नको, ती,” मावशी म्हणाली. मग माझा चेहरा पाहून तिला दया आली असावी. “तू गाडी काढ.”

“मावशी, आज सोमवार,” बायको म्हणाली. “आज कुठली कडी सापडणार?”

“शनिवारी आत कोण घेणार आहे? आधी ओळख तरी देऊन येऊ.”

अध्यक्षांच्या घरी आमचं स्वागत इतकं चांगलं झालं, की मला वाटलं आपणच काहीतरी गुन्हा करून आलोय. सरबत आलं, केक आला. अध्यक्षांची बायको हसतमुख, कॉलेजात शिकलेली बाई. “मम्मीला भेटायचंय ना? या ना, त्यात काय,” म्हणाली. दिवाणखान्यात मोठ्या खुर्चीत म्हातारी बसली होती. स्वच्छ गाऊन, मानेला पावडर, हातात जपमाळ, समोर टीव्हीवर नोव्हेनाची प्रार्थना. कॅलेंडरवर छापावी अशी आई. मी केकचा तुकडा तोंडात टाकला. तो उत्तम होता, हे नमूद करायला हवं.

मावशी म्हाताऱ्या बाईसमोर जमिनीवर बसली आणि तिने तिचे हात हातात घेतले. जपमाळ बाजूला सारली. नखं वाढलेली होती, आणि त्यांच्याखाली काळं होतं. मातीचं काळं वेगळं दिसतं. हे यंत्राच्या ग्रीसचं होतं. मावशीने पिशवीतून कटर काढलं, साडीचा पदर पसरला आणि एकेक नख कापायला लागली. कट्, कट्. अध्यक्षांची बायको म्हणाली, “अहो मावशी, आमची नर्स येते ना त्यासाठी.” कट्.

म्हातारी आतापर्यंत टीव्हीकडे बघत होती. ती एकदम माझ्या बायकोकडे वळली आणि हळूच म्हणाली, “आज शनवार हाय का?”

“नाही आजी, सोमवार.”

“मंग बरं.”

“मम्मीला वार कळत नाहीत हल्ली,” अध्यक्षांची बायको हसून म्हणाली.

मावशीने पदरात जमलेली नखं पुडीत बांधली आणि पिशवीत ठेवली.

शनिवारी आम्ही परत गेलो तेव्हा फाटकावरच्या वॉचमनने विचारलं, “बुकिंग है क्या?” मावशी म्हणाली, “ट्रंक बुक है.” त्याला ते कळलं नाही आणि त्याने फाटक उघडलं नाही. बायकोने ज्येष्ठ नागरिकांच्या हेल्पलाइनला फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं. पोलीस आले, पण बुधवारी. त्यांनी शहाळी प्यायली, दिवाणखान्यातली आई पाहिली, तिला ‘काही त्रास?’ असं विचारलं. बुधवारी तिला काही त्रास नव्हता.

मग चर्चच्या कार्यालयात पॅरिश कौन्सिल, म्हणजे चर्चचा कारभार बघणारं मंडळ, बसलं. आमचे फादर तरुण आहेत, गिटार वाजवतात, मुलांना फार आवडतात. ते कळवळून म्हणाले, “मावशींचा हेतू चांगलाच आहे. पण वेदीसमोर कोणाचं मन दुखावलं जाऊ नये, हेही आपल्याला बघायला हवं.” सगळ्यांना ते पटलं. यापुढे प्रार्थना आधी लिहून, तपासून, छापून घ्यायच्या आणि नेमलेल्या माणसाने वाचायच्या, असं ठरलं. ठरावाला विरोध फक्त माझ्या बायकोचा झाला. पण ती कौन्सिलवर नव्हती, बैठकीला चहा द्यायला गेली होती. त्यामुळे तो लिहून घेतला गेला नाही.

पंपघराच्या पाठीमागून एक पायवाट जाते, सगळ्यांच्या वापरातली. तिकडे भिंतीत हवेसाठी सिमेंटची जाळी होती. पुढच्या शनिवारपासून मावशी केळ्यांचं रिकामं क्रेट उलटं घालून त्या जाळीखाली बसायला लागली. मी तिला गाडीने सोडायचो, म्हणून पहिल्या दिवशीचं मी माझ्या कानांनी ऐकलंय. आतून हाक आली. मावशीने जाळीला तोंड लावलं.

“हॅलो. बोला.”

आतली हाक थांबली. मग, “कोन?”

“एक्स्चेंज. कुठे लावू?”

“माज्या बहिनीला लाव.”

“गाव?”

“अर्नाळा.”

“लाइन बिझी आहे. तोवर माझ्याशी बोला.”

आणि म्हातारी बोलायला लागली. बहिणीच्या लग्नात सांडलेल्या भाताबद्दल, बैलाबद्दल, नवऱ्याने दिलेल्या एका चापटीबद्दल. ती हाका मारत नव्हती. बोलत होती. मध्येच विचारायची, “लागली का लाइन?” मावशी म्हणायची, “लागेल, होल्ड करा.” पलीकडे तलावावर डीजे चालू होता आणि एक माणूस दुसऱ्याला पाण्यात ढकलत होता.

मावशीला ताप आला तेव्हा दोन शनिवार माझी बायको बसली. तिने म्हातारीला गाणी म्हणून दाखवली. एकदा मीही बसून पाहिलं. मी घसा साफ करून ‘हॅलो’ म्हणालो. आतून आवाज आला, “राँग नंबर.”

रिसॉर्टवाल्यांनी कोणाला काही म्हटलं नाही. चांगली माणसं, भांडत नाहीत. आधी डीजेचा एक स्पीकर वाडीच्या मागच्या बाजूला आला, पायवाटेकडे तोंड करून. मावशी एका कानावर तळवा घट्ट दाबून दुसरा जाळीला लावून बसायला लागली. मग एका शनिवारी आम्ही गेलो तर जाळीच्या जागी नवं, ओलं प्लास्टर होतं. डास येतात म्हणून, असं गड्याने सांगितलं. मावशीने त्या प्लास्टरवर बोटाच्या पेराने टकटक केलं. वाट पाहिली. पुन्हा केलं. स्पीकरमुळे आतलं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. तरी ती त्या क्रेटवर पाहुण्यांच्या जेवणाची वेळ होईपर्यंत बसून राहिली. परत येताना गाडीत ती एकच वाक्य बोलली, “आता ती समजत असेल, मीच कट केला.”

म्हातारी एका रविवारी गेली. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर कडी काढली तेव्हा ती खाटेवर नव्हती, दाराशी होती. शांतपणे गेली, असं सगळीकडे सांगण्यात आलं. नेमकी केव्हा, ते सांगणारं तिथे कोणी नव्हतं.

अंत्यविधीला एवढी गर्दी मी आमच्या गावात पाहिलेली नाही. आचोळ्यापासून माणसं आली होती, रिसॉर्टचे पाहुणेही आले होते. शवपेटीला पहिला खांदा अध्यक्षांनी दिला. ते रडत होते. हमसून, खांदे उडेपर्यंत. ते नाटक नव्हतं. नाटक असतं तर मला बरं वाटलं असतं.

प्रार्थना त्यांच्या पुतणीने वाचल्या, छापील कागदावरून, गोड आवाजात. शेवटची अशी होती: “आयुष्याच्या संध्याकाळी या माउलीला मुला-नातवंडांच्या मायेची सावली लाभली. तिची अखंड सेवा करणाऱ्या कुटुंबाला प्रभूने भरभरून आशीर्वाद द्यावा, म्हणून प्रभूजवळ प्रार्थना करूया.”

“प्रभू, आमची प्रार्थना ऐक,” सगळं चर्च म्हणालं. एवढ्या गर्दीचा आवाज, चांगलाच घुमला. तो विरायच्या आत आमच्या बाकावरून दुसरा आवाज आला. हळू, सुटा, खराब लाइनवर बोलावा तसा.

“नको ऐकू.”

फादरांनी खाली पाहिलं. पुढचं सगळं रीतसर पार पडलं. ‘एकमेकांना शांती द्या’ असं फादर म्हणाले तेव्हा लोकांनी आजूबाजूला हात मिळवले, नमस्कार केले, आणि मावशीच्या समोरचा बाक पुढेच बघत राहिला, मागचा बाक मागे वळला. मी तिच्या शेजारीच होतो. मी हात दिला, माझा घामाने चिकट झाला होता. मग माझी बायको गायनमंडळातून उतरून, सगळं चर्च ओलांडून आली आणि तिने मावशीचे दोन्ही हात धरले. त्यानंतर मावशी असेपर्यंत दर रविवारी शांती द्यायची वेळ आली की तिला हात देणारी आम्ही दोघंच होतो. भाऊसुद्धा नाही.

त्या दिवशी म्हातारीचं दफन करून आम्ही घरी आलो. बायकोने पांढरी साडी बदलली, चहा टाकला. मी चपला काढून ओट्यावर बसलो. मला न बोललेलं सहन होत नाही.

“काही म्हण,” मी म्हणालो, “पण मुलगा वाईट नाही गं. बघितलंस ना, कसा रडत होता. आईवर जीव होता त्याचा.”

“होताच,” ती म्हणाली.

तिने चहा गाळला. माझा कप माझ्यापुढे ठेवला.

“आपल्या पंपाच्या खोलीला बाहेरून कडी आहे ना, ती उद्या काढून टाक.”

“अगं, मोटर चोरून नेतील कोणी.”

“नेऊ देत,” ती म्हणाली. “आपली मुलंही चांगलीच आहेत.”